अर्धा पत्ता

आमच्या आकारामला बघून कुणी कॉम्प्युटरचा माणूस म्हणणार नाही. मान तालमीत घडलेली, मिशी भरगच्च, बोटं अशी की एकेका बोटाखाली किबोर्डची दोन-दोन बटणं दबावीत. बोलणं मात्र इतकं हळू की काउंटरपलीकडून पुन्हा विचारावं लागतं, "काय म्हणालास?" आणि नाव आज्ज्याचं. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "आरं, तुझ्या घरच्यास्नी दुसरं नाव सुचलं न्हाय व्हय?" तर म्हणाला, "आज्जा गेला तवा मी आईच्या पोटात होतो, ताई. मग दुसरं कुठलं ठेवणार?" मला तिथंच माणूस पटला.

मी अनुजा. राजारामपुरीत एका ट्रस्टची रक्तपेढी आहे, तिथं काउंटरला बसते. माहेर मंगळवार पेठेतलं, त्यामुळं आवाज मोठा आणि तोंड फटकळ, हे आधीच सांगून टाकते. आकारामची ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली तर ऐकणारा त्याला एकतर डोक्यावर घेईल नाहीतर फासावर द्या म्हणेल. दोन्ही मला नको आहे. मी रोज त्याच्या डब्यातली भाकरी खाल्लेली बाई आहे, तेव्हा मीच सांगते.

तो यायच्या आधी आमच्याकडं फोन म्हणजे नुसता ताप होता. "ए पॉझिटिव्ह हाय काय? बी निगेटिव्ह किती हायत?" दिवसभर तेच. कानाला फोन, समोर रडणारे नातेवाईक, मागनं आमचा टेक्निशियन पृथ्वीराज ओरडतोय. संध्याकाळपर्यंत माझा कान लाल व्हायचा. आकारामनं आल्या-आल्या एक फलक काढला. फलक म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. कुठल्या गटाच्या किती बॅगा शिल्लक आहेत ते त्यावर दिसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी नवा आकडा यायचा. हॉस्पिटलवाले मोबाईलवर बघायचे, रक्त असलं तर आमच्याकडं माणूस पाठवायचे, नसलं तर दुसरीकडं. हा स्वतः एकेका हॉस्पिटलात जाऊन नर्सबाईंना दाखवून आला. "फोन करू नका. फोन लागत न्हाय, लागला तर चुकीचं ऐकू येतंय. फलक बघा, फलक खोटं बोलत न्हाय." हे त्यानं इतक्या ठिकाणी सांगितलं की पुढं नर्सबाया मलाच ते ऐकवायला लागल्या. फोन थंडावला. मी खूश होते, कशाला खोटं बोलू.

आतली व्यवस्था मी मागं लागून त्याच्याकडनं समजून घेतली होती. रक्ताच्या खोलीत पृथ्वीराजचा कॉम्प्युटर. बॅग आली, तपासून झाली, दिली गेली, की तो त्यात नोंद करतो. तिथंच एका फोल्डरमध्ये साठ्याची फाइल तयार होते. पुढच्या खोलीत सर्व्हर. त्यावर ठरल्या वेळी ठरलेली कामं करणारा एक प्रोग्रॅम. त्यानं दर पंधरा मिनिटांनी नेटवर्कवरून पृथ्वीराजच्या फोल्डरात जायचं, फाइल उचलायची आणि फलकावर लावायची. माणसानं हात लावायचं कामच नाही. "आपोआप," आकाराम म्हणायचा. एवढा एक शब्द म्हणताना त्याचा आवाज जरा वर यायचा.

त्याची एक खोड होती. घरी जाताना तो सर्व्हरमधनं बाहेर पडायचा नाही. आपल्या नावानं आत शिरलेला असायचा तसाच ठेवून नुसतं पडद्याला कुलूप लावायचा. मी चेष्टा करायचे, "आरं, घरी गेलास तरी हितं बसलेलाच असतोस की!" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. सुट्टी घ्यायचा नाही. पोरीच्या, अदितीच्या, शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा अर्ध्यातनं उठून आला होता, कारण काय तर फलक एकदा बघून जातो. त्या खोडीवरच सगळा डोलारा उभा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग मला कुठनं असणार?

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं त्या दिवशी यंत्राला कामाला लावत नाहीत. गॅरेजवाल्याचे पाने, शिंप्याचं मशीन, तालमीतली गदा, सगळं पुसून हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या ट्रस्टचे प्रमुख अमरसिंहदादा या बाबतीत कडक. रक्ताचा फ्रिज तेवढा चालू राहतो, त्याला चालू असतानाच माळ. बाकी सगळे कॉम्प्युटर बंद. तो एक दिवस आम्ही कागदावर लिहितो आणि फोनवर बोलतो. फलकावर आकाराम आधीच पाटी लावून ठेवायचा, 'आज फलक बंद, कृपया फोन करा.' दसऱ्याला सकाळी ती पाटी आपली आपण उतरायची.

आणि दादांनी सक्ती केली म्हणून हे व्हायचं असं कुणी म्हणू नका. आकारामच सगळ्यांत पुढं. सर्व्हरच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढायचा, कापडानं पुसायचा, कुंकवाचं बोट इतक्या जपून टेकवायचा की बघत राहावं. त्याचे वडील, पिराजी, गावाकडं गुऱ्हाळाच्या इंजिनाची पूजा अशीच करायचे म्हणे. दरवर्षी दसऱ्याला सकाळी सगळ्यांच्या आधी तोच यायचा, सगळं चालू करायचा, सर्व्हरमध्ये आपल्या नावानं शिरायचा आणि मग आपट्याची पानं वाटत फिरायचा.

यंदा त्याच्या गावच्या पालखीचा मान फिरत-फिरत त्यांच्या घराकडं आला. पिराजींचे गुडघे गेलेत, खांदा द्यायला पोरगाच पाहिजे. हा आपला घुटमळतोय, फलकाचं काय, फलकाचं काय. मीच म्हणाले, "जा की गप. बापाचा मान हाय, परत कवा यायचा?" खंडेनवमीची पूजा करून तो गावाला गेला. दसऱ्याला सकाळी पृथ्वीराजला त्याचा फोन आला. मी शेजारीच होते. "बटणं तेवढी दाबा. सर्व्हर आधी, मग तुमचा. बाकी आपोआप हुतंय." पृथ्वीराजनं नारळ फोडला, बटणं दाबली, दिवे लागले. सर्व्हरचा पडदा नाव आणि पासवर्ड विचारत उभा राहिला. ते त्याला द्यायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पडदा बंद केला आणि कामाला लागलो.

खंडेनवमीला एका तालमीनं रक्तदान शिबिर घेतलं होतं. पैलवान पोरं, हसत-खिदळत देऊन गेली. त्यातल्या दोन बॅगा ओ निगेटिव्ह निघाल्या. हा गट फार थोड्यांचा असतो, आमच्या फ्रिजात महिनोन्महिने त्याची एकही बॅग नसते. दसऱ्याच्या दुपारी त्यांच्या तपासण्या पुऱ्या झाल्या आणि पृथ्वीराजनं त्याच्या कॉम्प्युटरवर नोंद केली, ओ निगेटिव्ह दोन. फलकावर मात्र पूजेच्या सकाळचाच आकडा चिकटून बसला होता, ओ निगेटिव्ह शून्य. वरची पाटी तर उतरलेली, म्हणजे बघणाऱ्याला फलक चालू. त्या दिवशी तो गट कुणाला लागला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक हॉस्पिटल आहे तिथं, हुपरीची संयोगिता बाळंत झाली. तारीख अजून लांब होती, त्यामुळं रक्ताची तयारी कुणी करून ठेवलेली नव्हती. मुलगी झाली, पोर चांगली होती, पण आईचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. नर्सनं फलक बघितला. शून्य. आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं, तिथंही नाही. मिरजेत आहे असं कळलं. मग तिचा नवरा गुंडू, हुपरीत चांदीचे पैंजण करणारा, रक्ताची पेटी मांडीवर घेऊन मित्राच्या मोटारसायकलवर मिरजेला सुटला. जाऊन येऊन दोन-अडीच तास कुठं गेले नाहीत. हे सगळं मला मागनं कळलं. त्या वेळी मी काउंटरवरची आपट्याची सुकलेली पानं गोळा करत होते. फोन माझ्या कोपराजवळ होता आणि वाजत नव्हता.

दुपार व्हायच्या सुमाराला आकाराम आला. कानामागं गुलाल राहिलेला, अंगावर गुलालाचाच शर्ट, चेहरा असा खुललेला की मी तसा कधी बघितला नव्हता. "सोनं घ्या, ताई," म्हणून माझ्या हातावर पानं ठेवली आणि आत गेला. मग आतनं काहीच आवाज नाही. मी चहा घेऊन गेले तर हा सर्व्हरसमोर उभाच. पडद्यावर लाल ओळी, एकीखाली एक, कितीतरी. सगळ्यांत मजकूर एकच, नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही.

"काय झालं रं?"

"कालपास्नं एकदाबी फाइल उचलली न्हाय," तो म्हणाला. मग त्यानं तेच काम हातानं चालवून बघितलं. एक बटण दाबलं आणि ओळ हिरवी झाली. पहिल्याच झटक्यात. "आता कसा सापडला मार्ग?" हे तो स्वतःलाच विचारत होता. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

"आलो, आलो," म्हणत मी पळाले. हॉस्पिटलची नर्स होती. "बाई, तुमच्या फलकावर आत्ता ओ निगेटिव्ह दोन दावतंय. सकाळपास्नं मी बघालोय, शून्य होतं. खरं हाय काय?"

"खरं हाय की."

"कवा आल्या बॅगा?"

मी पृथ्वीराजला विचारलं. तो आतनं ओरडला आणि तो ओरडला तेच मी फोनवर सांगितलं, "काल दुपारपास्नं हायत."

नर्सनं तिथंच कुणाला तरी जुळवणीसाठी रक्ताचा नमुना काढायला सांगितलं. मग म्हणाली, "नवऱ्याला मिरजेला पाठवलंय हो. बाईला आत घेतलंय, लई रक्त गेलंय. नमुना घेऊन माणूस निघालाच बघा."

मी फोन ठेवून वळले तर आकाराम दारात उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावरचा सगळा आनंद गेला होता, गुलाल तेवढा राहिला होता.

नमुना आला, पृथ्वीराजनं रक्त जुळवून बघायला घेतलं. त्याला लागायचा तो वेळ लागतो, तिथं कुणाची घाई चालत नाही. तेवढा वेळ आकाराम पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होता. बॅगा पेटीत ठेवल्या तशी ती यानंच उचलली. "आरं, न्यायला माणूस आलाय की!" मी म्हटलं. "मी देतो," म्हणाला आणि पळत सुटला. गाडी काढायचंही भान नव्हतं. एवढा दांडगा माणूस, पेटी छातीशी धरून, भर दुपारी राजारामपुरीच्या रस्त्यानं पळतोय. रिक्षावाले थांबून बघत होते.

तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पोर. गुंडूची आई, शालूबाई. पेटी आत गेल्यावर तिनं याचा हात धरला. "पावणं, मिरजेसनं आलासा व्हय? माझा ल्योक कुठं हाय?" याच्या तोंडातनं निघून गेलं, "व्हय, मिरजेसनं. तुमचा मुलगा मागनं येतोय." म्हातारीनं त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. "देवासारखा आलास, बाबा." हा जो तिथनं निघाला तो जिना उतरून रस्त्याच्या कडेला ओकला.

"खोटं बोललो, ताई," मला सांगताना त्याचा आवाज आणखी बसला होता. "दोन गल्ल्यांवरनं आणलंय, एवढं म्हणता आलं न्हाय मला."

संयोगिता वाचली. हे आधी सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही. पण रक्तस्राव थांबत नाही आणि द्यायला रक्त हाताशी नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी आणखी वाट बघितली नाही. तिचं गर्भाशय काढून टाकलं. आमच्या बॅगा पोचल्या तेव्हा ते चाललेलंच होतं. बॅगांनी तिचा जीव राहिला, एवढं खरं. पण ती चोविशीची पोर आणि हे तिचं पहिलंच बाळंतपण. 

दादांना कळलं तसे ते आले. "बाई वाचली न्हवं? मग झालं तर. कुणी विचारलं तर नेटवर्क गेलतं म्हणून सांगा. आणि आता चालतंय न्हवं ते?"

"चालतंय," आकाराम म्हणाला. "पण का चालतंय ते कळत न्हाय, दादा."

"चालतंय त्यात काय कळायचंय, लेका?" दादा म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

मग याचं सुरू झालं. वायरी बदलल्या. राउटर बंद करून चालू केला. फोल्डराची परवानगी बघितली, पासवर्ड बघितला, भिंतीतनं जाणारी केबल टेबलावर चढून हातानं चाचपली. दर वेळी काम चालवून बघायचा आणि दर वेळी हिरवं. हिरवं बघून माणूस निवांत होतो, हा जास्तच काळवंडायचा. डबा तसाच परत जायला लागला. शेवटी माझं डोकं फिरलं. "आरं, हिरवं हाय न्हवं? मग सोड की आता! काय जीव काढतोस त्या डबड्याचा?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "ताई, मी समोर असताना हिरवं हुतंय," म्हणाला. "मी नसताना बघाय पायजे."

आणि कधी नव्हे तो सर्व्हरमधनं बाहेर पडला. नुसतं कुलूप लावून नाही, पुरता बाहेर. आपल्या टेबलाच्या कॉम्प्युटरवर त्या कामाच्या ओळी उघडून बसला. पुढची वेळ झाली. लाल. मार्ग सापडला नाही. परत सर्व्हरमध्ये आपल्या नावानं शिरला. पुढची वेळ झाली. हिरवी. मग पुन्हा बाहेर पडला, पुन्हा लाल. त्यानं मला हाक मारली नाही, पण मला काउंटरवरनं दिसत होतं. मी उठून गेले.

"ताई, तुमच्या माहेरचा पत्ता सांगा."

"आता हे काय मधीच? मंगळवार पेठ, तालमीच्या मागं, गिरणीच्या वरतं."

"गल्लीतल्याला कळंल. पुण्यासनं कुरिअर आलं तर?"

"मग घर नंबर, गल्ली, पिन कोड, सगळं लिवाय लागंल की."

"तेच मी केलं न्हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. पृथ्वीराजच्या फोल्डरचं खरं नाव लांबलचक. कॉम्प्युटरचं नाव, मग फोल्डराचं. रोज कोण लिहिणार, म्हणून यानं त्याला एक अक्षर देऊन ठेवलं होतं, झेड. पण ते अक्षर ह्याच्या नावापुरतं. हा आपल्या नावानं आत असला की सर्व्हरला झेड म्हणजे कुठं ते कळतं. हा बाहेर पडला की झेड नावाचं काही त्याच्या लेखी नसतंच. आणि यानं त्या कामात लिहून ठेवलं होतं, झेडवर जा आणि फाइल आण. हा कधी बाहेरच पडायचा नाही म्हणून इतकी वर्षं फाइल येत गेली. खंडेनवमीला सर्व्हर बंद झाला, दसऱ्याला पृथ्वीराजनं बटण दाबून चालू केला, पण आत कुणी शिरलं नाही. प्रोग्रॅम बिचारा दर पंधरा मिनिटांनी निघत होता आणि पत्ता न सापडून परत येत होता. आपण परत आलो असा मेलही पाठवत होता. मेल याच्याच टेबलावर येत होते आणि टेबलाचा मालक गावात पालखीला खांदा देत होता.

"आपोआप न्हवतंच, ताई," तो म्हणाला. "माझ्यावर चालत होतं. आणि मी गावभर सांगत सुटलो, फोन करू नका."

मला असा राग आला म्हणून सांगू! त्याचा आला, दादांचा आला, त्या एका अक्षराचा आला. "मग एवढा शिकलास कशाला?" मी ओरडले. "हे आधी बघता येत नव्हतं व्हय तुला?" समोर रक्त न्यायला आलेली दोन माणसं दचकली. आकाराम सर्व्हरमध्ये शिरला. त्यानं ती ओळ उघडली, झेड पुसला, तिथं पुरता पत्ता लिहिला. प्रोग्रॅमला स्वतःचं वेगळं नाव दिलं आणि त्या नावाला फोल्डर उघडायची परवानगी दिली. मग सर्व्हरमधनं बाहेर पडला. आम्ही दोघं त्याच्या टेबलाजवळ थांबलो. वेळ झाली. हिरवी.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," तो म्हणाला, आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडायला लागला. माझा राग गेला कुठल्या कुठं. मी पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले, दुसरं काय करणार.

त्यानंतर त्यानं फलक बदलला. आकडा किती वाजताचा आहे ते आता वर मोठ्या अक्षरांत येतं आणि फाइल वेळेवर आली नाही तर आकडेच जातात, नुसता फोन नंबर उरतो. सगळ्या हॉस्पिटलांत पुन्हा एकदा फिरून आला, "फलक बघा, पण दुर्मिळ गट असला तर फोनबी करा" म्हणून सांगायला. पुढच्या खंडेनवमीला सर्व्हरला फ्रिजसारखीच चालू असताना माळ घालायची, हे दादांनीही मान्य केलं. माझा कान पुन्हा लाल व्हायला लागला. पण दर वेळी उठून, फ्रिजचं दार उघडून, हातानं मोजून सांगते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एक माणूस काउंटरला आला. बारीक अंगाचा, बोटांची टोकं काळवंडलेली. "आकाराम म्हणून कोण हायत?" मी विचारलं आपण कोण, तर म्हणाला, "मी गुंडू, हुपरीचा. संयोगिताचा मालक."  मी आकारामला हाक मारली.

गुंडूनं त्याला बघितलं आणि हातच जोडले. "नर्सबाईंनी नाव सांगितलं तुमचं, जास्त काय बोलल्या न्हाईत. मी मिरजेसनं यायच्या आदी तुमी कुठनं तरी पैदा करून पळत आणलासा. आई तर म्हणती, देवच आलता." त्यानं मुलगी झाल्याच्या बर्फीचा पुडा काउंटरवर ठेवला. मग खिशातनं एक डबी काढून उघडली. आत पैंजण होते, बारीक घुंगरांचे, नवे कोरे. "तुमास्नी पोरगी हाय म्हणं. मी सोताच्या हातानं केल्यात. न्हाय म्हणू नका."

मी मनात म्हणत होते, घे बाबा. घे आणि गप बस. बाई वाचलीय, माणूस खुशीत आलाय, कशाला उकरून काढतोस? मला आकारामचा चेहरा दिसत होता, तो काय करणार तेही कळत होतं, आणि मला ते व्हायला नको होतं.

"पावणं, बसा," आकाराम म्हणाला. गुंडू बसला नाही. "रक्त हितंच होतं," आकाराम म्हणाला. या वेळी मला दोनदा विचारावं लागलं नाही, इतकं स्पष्ट. "तुमी मिरजेला निघालासा तवा त्या फ्रिजमदी होतं. आदल्या दिवशी दुपारपास्नं. माझ्या चुकीनं फलकावर शून्य दिसत होतं. आणि तुमच्या आईला मी मिरजेसनं आलोय म्हणालो, तेबी खोटं."

आमच्या फ्रिजला काचेचं दार आहे, काउंटरवरनं आतल्या बॅगा दिसतात. गुंडू त्या बॅगांकडं बघत राहिला. "हितं?" त्यानं विचारलं.

"हितं."

"चालत आलो असतो की मी," गुंडू म्हणाला.

पृथ्वीराज आतनं दाराशी येऊन थांबला.  मग गुंडूनंच विचारलं, "मग तिचं काढाय लागलं नसतं?"

"मला सांगता येत न्हाय. डॉक्टरच सांगतील," आकाराम म्हणाला. मग म्हणाला, "कदाचित लागलं नसतं."

आता हा मारणार, असं मला वाटलं. आकारामलाही वाटलं असावं, कारण तो हात खाली सोडून तसाच उभा राहिला, तोंड चुकवायचंही नाही अशा बेतानं. गुंडूनं मारलं नाही. त्यानं डबी मिटली. काळवंडलेल्या बोटांनी तिची कडी नीट लावली आणि ती परत खिशात घातली. बर्फीच्या पुड्याला हात लावला तेव्हा मला वाटलं तोही नेणार. त्यानं तो पुढं सरकवला.

"बर्फी पोरीची हाय," तो म्हणाला. "ती खावा." आणि गेला.

 मग आकारामनं पुड्याचा दोरा सोडला. मला एक वडी दिली, पृथ्वीराजला दिली, एक स्वतः घेतली.  डोळ्यांतनं पाणी येत होतं, मिशी भिजली होती. तरी चावत राहिला आणि उभ्या-उभ्या त्यानं ती सगळी संपवली.